एक्कावन्नाला शून्य

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, रसायनशास्त्र विभागातले शिक्षक, विद्यार्थी मंडळी, आणि आज ज्यांना आपण निरोप देतोय ते विभागप्रमुख, म्हणजे माझे धाकटे दीर, आमचे भाऊजी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

कुटुंबातर्फे दोन गोड शब्द बोला, असं मला सांगितलं होतं. मी मॅट्रिक झालेली बाई. घर आणि देवघर सोडून आजवर कुठे बोललेली नाही. गोड शब्द लिहूनही आणले होते. पण मघापासून तीन वक्त्यांनी भाऊजींच्या "काटेकोरपणाचं" कौतुक केलं आणि माझा कागद पर्समध्येच राहिला.

काटेकोर? माझी मुलगी यांच्याच वर्गात पहिल्या वर्षाला आहे. भौतिक रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक होतं. झाकणाच्या कपात अॅसिड आणि कॉस्टिक सोडा एकत्र करायचं, पारा किती चढतो ते बघायचं आणि त्यावरून उष्णतेचा आकडा काढायचा. भाऊजींच्या हातात आत्ताही आहे त्या पुस्तकात आकडा आहे सत्तावन्न. पोरीला आला एक्कावन्न. तिने पुन्हा केलं, पुन्हा तोच. कपाचं झाकण तडकलंय, ऊब बाहेर जाते, असं तिने आकड्याखाली स्वच्छ लिहिलं.

बाकीच्या मुलांनी काय केलं? समोर बसलीत, हसू नका. सत्तावन्नावरून उलटं गणित केलं, पारा किती चढायला हवा होता ते काढलं आणि तेवढं लिहून टाकलं. तडकलेल्या झाकणातून सगळ्यांना सत्तावन्न! ही इथली रीतच आहे म्हणे, वर्षानुवर्षांची. त्यांना पैकीच्या पैकी. आणि हिला भर वर्गात शून्य, वर भाऊजींचं हे वाक्य : "हे काय आईचं स्वयंपाकघर आहे, येईल ते चालवून घ्यायला?"

भाऊजी, माझ्या स्वयंपाकघरात डबा अर्धा असेल तर हिशेबात अर्धाच लिहिला जातो. रोज देवापुढे हात जोडायचे असतात मला.

पोर घरी आली, जेवली नाही. म्हणाली, "आई, मीही उलटं करून लिहिलं असतं तर?" या प्रश्नाचा मला राग आहे, शून्याचा नाही. प्रात्यक्षिकात शून्य म्हणजे पुढच्या वर्षी हा विषय बंद. हा एकच विषय तिला हवाय. पुन्हा परीक्षा घ्यायची परवानगी विभागप्रमुख देतात, आणि भाऊजींचं ते पद आज संध्याकाळी संपतं.

काय म्हणालात? "वहिनी, घरी बोलू"? घरीच बोलत आले की. घरी तुम्ही चहा पिता आणि हवापाण्याचं काढता. फार लावून धरलं तर म्हणता, "पुतणीला सवलत दिली तर लोक काय म्हणतील?" घ्या, लोक इथेच बसलेत. त्यांना विचारा. मी सवलत मागत नाही. तोच कप, तेच झाकण घ्या, पोरीला पुन्हा करू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा. जो आकडा येईल त्यावर गुण द्या.

अध्यक्षसाहेब, घंटेवरचा हात जरा काढा, झालंच माझं. आणि जाता जाता सांगते, हे एवढे हार उद्या कचऱ्यात जाणार. यात कपांना नवी झाकणं आली असती.

मान हलवलीत? मान नको भाऊजी, तोंडाने सांगा. "करू." कधी? ... जरा मोठ्याने, मागच्यांना ऐकू आलं नाही. "आज." बरं.

अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही, सभेने मला खाली बसवलं नाही, दोघांचेही आभार. आनंदाच्या प्रसंगी बाईने आवाज चढवला, कुणाचं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. भाऊजींना देव उदंड आयुष्य देवो, हे मी मनापासून म्हणतेय, रोज म्हणते.

ऊठ गं, मागे लपू नकोस. काकांबरोबर प्रयोगशाळेत जा. आणि भाऊजी, ते पुस्तक तेवढं इथेच टेबलावर ठेवून जा.