एक सोडून एक

(चक्रीवादळाला सहा आठवडे झालेले. शाळेचा बिनछपराचा वर्ग. भिंतीला टेकवलेली शिडी, अंगणात नव्या पत्र्यांची चवड. मुख्याध्यापिका बाई आणि त्यांचा जुना विद्यार्थी, आता सुतार.)

बाई : शिडीपासून एवढा लांब का उभा? चावते की काय ती?

सुतार : बाई, मी नुसतं सांगायला आलोय. हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.

बाई : आधी बस. त्या उलट्या बादलीवर बस, बाकं अजून यायचीत. सहा आठवडे तू गावभर राबतोयस. न्हाव्याचं दुकान उभं केलंस, दवाखान्याला दारं बसवलीस. फक्त शाळेवरून जात नाहीस. मागच्या गल्लीनं वळसा घालतोस. मला दिसत नाही वाटतं?

सुतार : तुम्हाला तिसरीपासून सगळं दिसतंय.

बाई : मग ऐक. पत्रे पाठवणाऱ्या संस्थेला उद्या सकाळी कारागिराचं नाव कळवायचंय. नाही कळवलं तर बाहेरचा ठेकेदार येणार, तोही त्याला सवड होईल तेव्हा. आणि सुट्टी संपून सोमवारी शाळा आहे. एकतीस वर्षांत ही शाळा...

सुतार : ...एक दिवस उशिरा उघडली नाही. पाठ आहे आम्हाला.

बाई : पाठ आहे तर घोडं अडलंय कुठं?

सुतार : उडालेलं छप्पर मीच घातलेलं होतं, बाई.

बाई : अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पोस्टाचंही उडालं. तेही तूच घातलं होतंस का?

सुतार : पोस्टाचं जुनाट होतं. शाळेचं अवघं वर्षाचं. कसं सांगू... मी स्क्रू एक सोडून एक मारले होते.

बाई : हं.

सुतार : नुसतं हं? अहो, स्क्रू संपले होते. दुकानदार म्हणाला, दोन दिवसांत येतील. म्हटलं, तूर्त एवढ्यावर भागवू, उरलेले मागाहून मारू. ते मागाहून काही उजाडलंच नाही. सुट्टी होती म्हणून बरं. माझी लेक इथंच बसते, त्या खिडकीशी. वादळानंतर तुम्ही चिखलातून एकेक पुस्तक वेचून दोरीवर वाळत घालत होतात ना, तेव्हा मी कुंपणापलीकडे उभा होतो. आत यायला पाय उचलेना.

बाई : दिसला होतास.

सुतार : मग हाक का नाही मारलीत?

बाई : सांगते. गणितंसुद्धा तू एक सोडून एकच सोडवायचास.

सुतार : थट्टा नका करू, बाई.

बाई : थट्टा नाही रे. पण लबाडी कधी केली नाहीस. वही पुढे करून स्वतःच म्हणायचास, उरलेली उद्या करू का? गेल्या वर्षीही विचारलं होतंस.

सुतार : कधी?

बाई : वरून, छपरावर बसून. उन्हानं नुसता लालबुंद झाला होतास. ओरडून म्हणालास, बाई, दोन दिवस द्या, स्क्रू कमी पडलेत. मी खाली इथंच उभी होते, हातात घंटेची हातोडी घेऊन. म्हटलं, दोन दिवसबिवस काही नाही. उद्या मुलं येणार. उतर खाली.

सुतार : मला नाही आठवत.

बाई : मला आठवतं. सहा आठवडे दुसरं काही आठवतच नाही. तुला हाक मारायची तर हे सांगावं लागणार. म्हटलं, आपण होऊन आला की सांगू. आणि तू आपला मागच्या गल्लीनं!

सुतार : तरी नंतर वर्षभर होतं. मी यायला हवं होतं.

बाई : यायला हवंच होतं. आणि मी आठवण करून द्यायला हवी होती. त्यात तुला सूट नाही, मलाही नाही. डोळे पूस आता.

सुतार : घाम आहे तो.

बाई : बरं, घाम पूस. आणि हे सांग, या वेळी स्क्रू किती लागतील?

सुतार : सहाशेच्या घरात. वर वाशांना लोखंडी पट्ट्या घालून भिंतीत पक्क्या करीन. परत असा वारा आला तरी हूं की चूं होता कामा नये.

बाई : अस्सं. मी खाली खुर्ची टाकून बसते. तू मारत जा, मी मोजत जाते.

सुतार : सहाशे? मान अवघडेल तुमची.

बाई : तुझं अक्षर वाचून डोळे टिकलेत माझे, मानेचं काय घेऊन बसलास! कारागीर म्हणून तुझं नाव लिहू ना?

सुतार : लिहा. पण बाई, एक आधीच सांगतो. तोंडावर सांगतो, मग म्हणू नका.

बाई : बोल की.

सुतार : असं एकही न सोडता करायचं तर सोमवारपर्यंत नाही व्हायचं. मला दोन दिवस द्या.

बाई : घे. बुधवारी उघडू.