चांगल्या हाताची मुस्कटदाबी

...आणि वर मलाच म्हणतात, 'सर, जीभ वाचली हे नशीब समजा!' अहो, जीभ वाचली म्हणजे काय? हातसुद्धा वाचलाय! मला काहीही झालेलं नाही! पण तुम्हाला सांगतो, महाडमध्ये एकदा तुम्हाला लकवा झाला असं ठरलं, की झाला... मग तुम्ही टाळ्या वाजवून दाखवा नाहीतर भर बाजारपेठेत कोलांटी उडी मारा, लोक म्हणणार, 'बिचारे, काय उसनं अवसान आणतायत!'

तसा दोष माझाच असणार. बहुतेक वेळा असतोच. जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, त्यात डॉक्टरेट केली, पण आपलं बरोबर आहे असं छातीठोकपणे एकदाही वाटलं नाही... असो. तर माझी नात गौतमी. साडेचार वर्षांची. जन्मापासून डावा हात अधू. म्हणजे हात आहे, पण अंगठा मुठीत दडवून, कोपरात दुमडून बसलेला, मागच्या बाकावरच्या पोरासारखा! आणि उजवा? उजवा इतका हुशार, की वर्गातली सगळी उत्तरं तोच देणार! पुण्याच्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या, आता हुशाराचं तोंड बांधायचं. उजव्या हाताला बिनबोटांचा जाड मोजा, रोज काही तास, तीन आठवडे, आणि त्या वेळात खेळणं, खाणं, सगळं डाव्यानं. मेंदूला कळलं पाहिजे, की आता दुसरा वाली नाही! आणि मोठ्यांना एकच नियम... मदत करायची नाही! खेळ सोपा करा, शाबासकी द्या, पण तिचं काम तुम्ही उरकून टाकायचं नाही.

आता हे पुण्यात करावं की नाही? पण सुहासला, म्हणजे माझ्या मुलाला, रजा नाही, सूनबाईंना रजा नाही. सुहास म्हणतो, "बाबा, तुम्ही मोकळेच आहात." मोकळाच! ही जाऊन सहा वर्षं झाली, फोन रविवारी वाजतो, दार सकाळी दूधवाला वाजवतो... किती मोकळा ते विचारू नका! मी म्हटलं, "अरे, माझ्या हातून काही चुकलं तर? पोरीचा हात कायमचा तसाच राहिला तर?" तो म्हणतो, "बाबा, यात चुकायचंय काय? तुम्हाला तर काही करायचंच नाहीये!" आणि पोरीला महाडला सोडून गेला.

काही करायचंच नाहीये! अहो, तुम्ही बसून बघा एकदा! पोर एक मणी उचलायला बघतेय, मणी सटकतोय, पुन्हा बघतेय, पुन्हा सटकतोय, मग मान वर करून म्हणतेय, "आजोबा, दे ना..." आणि मी? मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेलो! मदत करायची नाही! शेवटी बाईंना पुण्याला फोन लावला. म्हटलं, "बाई, हा छळ तर नाही ना?" म्हणाल्या, "नाही हो सर, खेळ आहे. मणी मोठे घ्या." म्हटलं, "पण रडणं थांबत नाहीये." त्या म्हणाल्या, "कोणाचं, तिचं की तुमचं?"... प्रश्न शास्त्रीय होता, मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी संप! मोजा घालायचाच नाही. म्हणते, "मोजा चांगला असतो?" म्हटलं, "हो, खूप चांगला." "मग तू का नाही घालत?"

तुम्हाला सांगतो, तर्कशास्त्राच्या डॉक्टरनं गुपचूप उजवा हात पुढे केला! आमच्याकडे राहीबाई स्वयंपाकाला येतात, त्यांनी उशीच्या अभ्र्याचा मोजा शिवून माझ्या उजव्या हातावर चढवला आणि म्हणाल्या, "सर, ह्या वयात ह्यो काय खेळ काढलाव? लोक काय म्हणतील?" लोक! लोक येतात कुठं म्हणायला?

मग काय विचारता! आजोबा-नात समोरासमोर, दोघंही डावरे. तिचा घास नाकाला, माझा सदऱ्याला! वरण तर मनगटातून थेट कोपरापर्यंत... सदरा बदलायला गेलो, तर डाव्या हाताला बटण सापडेना. म्हटलं, "गौतमी, जरा एवढं..." तर कंबरेवर मोजा ठेवून ओरडली, "मदत करायची नाही!" आणि हसली, अशी हसली, की राहीबाई लाटणं घेऊन बाहेर आल्या. त्या घरात इतक्या मोठ्यांदा कोणी हसायची सवयच गेली होती हो...

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं मला पाहिलं. सदऱ्यावर कालचं वरण, बटणं वरखाली, उजवा हात फडक्यात, डाव्या हातात पातेलं हिंदकळतंय. झालं! दूध घरोघर पोचायच्या आधी बातमी पोचली!

संध्याकाळी बिरवाडीहून केरू हजर. आमच्या कॉलेजचा जुना शिपाई. हातात मोसंबी, डोळ्यांत पाणी. "सर, ह्यो काय झाला ओ?" मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि सगळं शास्त्र सांगितलं, मेंदूचा उजवा भाग डाव्या हाताला हुकूम कसा देतो, चांगला हात बांधला की अधू हाताला संधी कशी मिळते, मोजा तिच्यासाठी कसा आणि माझा तिच्या हट्टापायी कसा... त्यानं हात जोडून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "वाचा शाबूत हाय सर. देवाची किरपा!"

मग रीघच लागली! विद्यार्थी आले, त्यांचे बाप आले, पोलादपूरहून एक जुने सहकारी आले, शेजारून खुर्च्या मागवाव्या लागल्या. सुरुवातीला मी प्रत्येकाला समजावत होतो. मग समजावणं जरा... कमी केलं. म्हणजे समजलं असतं तर लोक उठून गेले असते ना! आणि गौतमीलाही माणसं हवीच होती. प्रत्येकासमोर मणी काढून बसायची. पण अंगठा? अंगठा काही मुठीबाहेर येईना! तिसरा आठवडा लागला. माझी झोप उडाली. माझंच काहीतरी चुकतंय, दुसरं काय!

आणि मग उमरठची बायजा आली. आमच्या घरी पूर्वी तांदूळ घेऊन यायची. एका हातात लकव्याचं तेल, दुसऱ्या हातात पानांच्या द्रोणात करवंदं. काळीभोर, टपोरी. गौतमीनं डावी मूठ द्रोणात घातली. करवंद सटकलं. पुन्हा घातली. सटकलं. बायजा कळवळली, "आगो बाय माझे, थांब गो, मी भरवतंय," आणि करवंद उचलून तिच्या तोंडाशी नेणार, तोच मी उठून अशी डरकाळी फोडली...

"मदत करायची नाही!"

बायजा जागच्या जागी थिजली. राहीबाईंकडे बघून हळूच म्हणते, "डोक्यात बी गेलंय काय ओ सरांच्या?" पण माझं लक्ष कुठं होतं! पोरीनं जीभ बाहेर काढली, भुवया चढवल्या, आणि तो अंगठा... तो दडून बसलेला अंगठा निघाला हो बाहेर! थरथरत, वाकडातिकडा, पण बाहेर! करवंद चिमटीत धरलं, निम्मं चिरडलं, निम्मं तोंडात गेलं. हनुवटी जांभळी! मी रडतोय, राहीबाई रडतायत, आणि बायजा घाईघाईनं माझ्याच खांद्याला तेल चोळतेय!

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "छान! हात पूर्ण सुधारला असं नाही हं सर, पण आता वाट सापडली. पुढचं आम्ही इथं करून घेऊ." पुढचं तिथं. बरोबरच आहे. सुहास आला, पोरीला घेऊन गेला. मी मोजा काढला, धुतला, आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाजारात गेलो. तासाभरात गावभर झालं, बायजाच्या तेलानं सर उठले!

आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून दार पुन्हा फक्त दूधवाला वाजवतो. शेजारच्यांनी खुर्च्यासुद्धा परत नेल्या. परवा एसटी स्टँडवर केरू भेटला. मी म्हटलं, "अरे केरू, ये ना संध्याकाळी, चहा घेऊ." तर पठ्ठ्यानं माझे दोन्ही हात धरून हलवून बघितले आणि काय खूश झाला! म्हणतो, "आता कशाला येव सर? आता तुमी एकदम ठणठणीत झालाव!"

आता यावर काय बोलणार... ठणठणीत माणूस काय बोलणार!