तात्याबांचं उभं राहणं

(बारामती, १९९६. बाजाराच्या रस्त्याला लागून असलेली चित्रकलेच्या वर्गाची खोली. गुरुवार, दुपारचे दोन.)

सारजा : ते ऱ्हाऊ द्या. हार कुणी घातला, तेवढं सांगा आधी. फोटूला हार घालायला माझा बाप मेला व्हता का?

विनया : मीच घातला, सारजाताई. घातला म्हणजे... खिळ्याला अडकवला, चित्रावरून. चुकलं माझं. तुम्ही बसा ना. पाणी घ्या.

सारजा : पाणी नगं. सकाळी शेजारच्या दुकानात फोन आला. मोरगावचा दत्तोबा, आमच्या भावकीतला. म्हनला, म्हातारा गेला, बारामतीत हार घातलेला फोटू बघितला खिडकीतनं. इंदापुरापासनं एसटीत रडत आलेय मी. आन् स्टँडवर उतरते, तर ह्यो मेलेला मानूस टपरीवर बशीत च्या ओतून पितोय!

तात्याबा : भजी बी खाल्ली.

सारजा : तुमी गप बसा, तात्या.

तात्याबा : बसतो. मेलेल्यानं गपच बसायचं असतं.

विनया : पण दत्तोबांनी कुणाला विचारलं नाही? मी भवानीनगरहून येते, खोली अकराला उघडते. शेजारी विचारलं असतं तरी...

सारजा : कुलूप बघितलं त्यानं. त्याला वाटलं, दुखवट्यानं बंद हाय.

तात्याबा : दत्तोबाला बकरी इकायची घाई. त्यात माझं मरान उरकलं त्यानं.

सारजा : हसू नगा! भावकी जीप करून निघालीया, माझा नवरा बी हाय त्यात. त्यास्नी काय सांगू मी?

तात्याबा : सांग, आलाय तर बाजार करून जा.

विनया : तात्या, थांबा ना जरा. सारजाताई, मी सांगते काय झालं ते. तीन वर्षं मी हवाईला होते. समुद्रातलं बेट, अमेरिकेचं. माझे मिस्टर, श्रीपाद, उसाच्या संशोधनाला होते तिथं. मी एका हॉलमध्ये शिकवायची. माणूस समोर उभा करायचा आणि बघून काढायचा, रंगवायचा. उभं राहायला नाचणारी माणसं यायची. हुला म्हणतात त्यांच्या नाचाला.

तात्याबा : मला फोटू दावलेत. आपल्या धनगरांची गजीच हाय, फकस्त कमरंला पानं बांधून. ऊस बी हाय त्यांच्यात.

विनया : होता. कारखाना बंद झाला, म्हणून तर परत आलो. तिथं कुणाचा मान करायचा तर गळ्यात फुलांचा हार घालतात. आमच्या वर्गात उभं राहिलेल्याला शेवटी घालायचो. आणि तो हार कचऱ्यात नाही टाकायचा. सुकला तरी झाडाला अडकवतात. परवा तात्यांना घातला, तर हे म्हणाले...

तात्याबा : मान खाजाय लागली. झेंडू व्हता.

विनया : काढून माझ्या हातात दिला. टाकवेना मला. इथं कुठलं झाड? समोर खिळा होता. तीन वर्षांत हाताला वळण लागलं, दुसरं काय. माझ्या माहेरी आजोबांच्या फोटोला हार आहेच की. तरी त्या वेळी नाही सुचलं. वल्लरी! तो ब्रश तोंडात नाही. इकडे दे. टर्पेंटाइन आहे त्याला. दे म्हणते ना. माझी लेक, सारजाताई, दिसेल ते तोंडात घालते.

सारजा : तितं बेटावर चालत असंल. हितं न्हाय चालत. मानूस जित्ता असताना असलं बघितलं की आयुष्य कमी हुतं. तो फोटू काढा भितीवरनं. नदीत सोडते. आन् आजपासनं माझा बाप हितं उभा ऱ्हानार न्हाय.

तात्याबा : आगं, पोरींची परीक्षा हाय. म्या न्हाय तर त्या काय काढतील, खुर्ची?

सारजा : दुसरा मानूस आना म्हनावं.

तात्याबा : आनला व्हता. रिटायर पोस्टमन. दर पाच मिन्टाला निघायचा, टपाल वाटायचं ऱ्हायल्यागत. तासभर न हालता उभं ऱ्हायला मेंढरं राखलेली लागत्यात.

सारजा : पुरं. उठा. काठी घ्या.

विनया : घेऊन जा त्यांना. खरंच घेऊन जा. चित्रही न्या. पण मागची बाजू वाचा एकदा.

सारजा : काय हाय?... तात्याबा. बाप आबाजी, आई दगडाबाई. बायको... फुलाबाई. लेक सारजा, इंदापूर. माझ्या आईचं नाव तुमाला कुनी सांगितलं?

विनया : मी विचारलं. हवाईतल्या माझ्या वर्गात एक म्हातारी यायची, नाच शिकवणारी. मला म्हणाली, तू उभं राहा, पाय सरळ कर, एवढंच सांगतेस लोकांना. आधी विचार, कुणाचा कोण, कुठला. तेव्हापासून विचारल्याशिवाय मी कागदाला हात लावत नाही.

सारजा : आईचा एक बी फोटू न्हाय आमच्याकडं.

तात्याबा : म्हनून तर लिवाय लावलं.

सारजा : आता हे नदीत कसं सोडू? आईचं नाव हाय.

विनया : मुलींनी काढलेली आणखी नऊ आहेत. तीही बघाल का?

तात्याबा : मास्तरीनबाई. आपलं काय ठरलंय?

विनया : आठवतंय मला.

सारजा : काय ठरलंय?

तात्याबा : काय न्हाय. चल, जीप यायची.

सारजा : आता का घाई? बाई, काय ठरलंय?

विनया : तात्या, मी शब्द दिला होता. दोन दिवस पाळला. रात्री या पोरीला थोपटतानाही तेच डोक्यात होतं. आता नाही पाळत. शिव्या द्या हवं तर.

तात्याबा : शिकलेल्या बाईचा शब्द ह्यो असा!

विनया : असाच. सारजाताई, हे जूनमधलं. मुलींना मी शिकवते, गवंडी ओळंबा सोडतो तशी मानेच्या खळग्यातून सरळ रेघ सोडा. ती जिथं टेकते, त्या पायावर वजन. इथं बघा, रेघ डाव्या पायावर आलीय. हे पुढच्या आठवड्यातलं, उजव्या.

सारजा : धनगर हाय तो. काठीला टेकून एका पायावर उभं ऱ्हातोच.

विनया : राहतात, पण पाय बदलतात. जूनभर, जुलैभर बदलत होते. हे ऑगस्टचं बघा. उजवा. हे, उजवा. हेही उजवाच. आणि हे परवाचं, हार घातला ते. डावी टाच जमिनीला लागलेलीच नाही. मुलींनी काढलीय तशीच, आठही जणींनी. मला वाटलं चुकल्यात. खोडायला गेले आणि मग तात्यांकडे नीट बघितलं.

सारजा : तात्या, पायतान काढा.

तात्याबा : आगं, काटा लागलाय बाभळीचा. हुतंय बरं.

सारजा : काढा म्हनते ना!... आई गं. आवो, हे काय? टाच काळी पडलीया. कवापासनं?

तात्याबा : दुखत न्हाय मला.

विनया : दुखत नाही, तेच वाईट. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं. रक्तात साखर होती, कळलीच नाही. शेवटी बोटं काढावी लागली.

तात्याबा : म्या जल्मात ऊस लावला न्हाय. माझ्या अंगात साखर कुठनं यायची?

सारजा : मला का न्हाय सांगितलं?

तात्याबा : सांगितलं असतं, तर जावयानं मेंढरं इकली असती. म्हनला व्हता न्हवं, पाय थकलं की इंदापूरला चला, घरात बसा. वीस तर ऱ्हायलीत. शेजारचा दादासो नेतो चाराया, म्या नुसता मागनं फिरतो. तेवढं फिरनं बंद झालं, की दत्तोबाचा फोन खरा.

सारजा : मेंढरं कोन इकत न्हाय. मी बघते.

तात्याबा : नवऱ्याफुडं बोलशील?

सारजा : आज त्यो सकाळपासनं रडतोय तुमच्यासाठी, जीपमधी बसून. आज काय बी कबूल करल. बाई, हितं डाक्टर कोन?

विनया : कोपऱ्यावरच आहेत. आता बंद असतील. मी येते ना बरोबर. सासऱ्यांचे दवाखान्याचे कागद... नाही, ते जाऊ द्या. मी येते.

तात्याबा : आन् त्या पोरी? बाहेर आल्यात, पाट्या घिऊन उभ्या हायेत.

विनया : आज सुट्टी देते त्यांना.

सारजा : किती वाजता उघडतो दवाखाना?

विनया : चारला.

सारजा : तात्या, हितं बसा, स्टुलावर. पाय वर ठेवा, ह्यावर. असं. बाई, बसलेला मानूस काढता येतो का तुमच्या पोरीस्नी?

विनया : येतो. थोडा अवघड असतो.

सारजा : मग बोलवा त्यास्नी. चारपतुर येळ हाय.