सुईच्या वेळी

लसीच्या रांगेत एक तरुण आई उभी होती आणि शेजारी तिचं बाळ सांभाळणाऱ्या मावशी. मागची बाई आपला नंबर विसरून ऐकत होती.

"मावशी, सुईच्या वेळी तुम्हीच धरा हिला."

"का गं? आई तू की मी?"

"दिवसभर तुमच्याकडे खिदळते. मी कामावरून आले की भोकाड पसरते. त्यात मीच टोचायला धरलं, तर तोंड बघायची नाही माझं."

"खुळीच आहेस. आण इकडे."

सुई टोचली. बाळ किंचाळलं आणि मावशींच्या हातातून आईकडे झेपावलं.

"घे बाई, घे! हात माझे मोडायचे आणि ऐन वेळी हिला तू हवीस."

"रागावलात?"

"छे! पण उद्या माझ्याकडे देताना रडली, तर दारात घुटमळू नकोस. सरळ कामाला जा."