सुनेची ओटी

साल छप्पन्न. जळगावच्या एका दवाखान्यात माझ्या बाकावर दोन अनोळखी बायका होत्या. एक शहरातली, दुसरी असोद्याची म्हातारी.

"सुनेला काय झालं, अक्का?"

"मणका मोडला. पाटावरून उठली, तं कमरीत कट्कन वाजलं."

"नुसतं उठताना?"

"तिले लूपस नावाचा आजार हाये म्हणे. सांधे धरलेले, तोंडावर लाल चट्टे. मी रक्तपिती, महारोग समजून तिचं ताट अलग केलं व्हतं."

"अगं बाई!"

"मंग डॉक्टरनं गोळ्या देल्या. चट्टे गेले, तोंड गोल झालं, पोट सुटलं. पाळीबी चुकली. मले वाटलं, दिवस गेले. गल्लीतल्या बायका बोलावल्या, पाटावर बसवून ओटी भरली. त्याच पाटावरून उठली ती."

"आणि?"

"डॉक्टर म्हणतात, पोरबिर काही नाही. सूज गोळ्यांची, आन हाडंबी त्याच गोळ्यांनी ठिसूळ झाले."

"दिवस गेले नाहीत, हे तिला तरी ठाऊक असेल ना?"

"ठाऊक व्हतं. मी इचारलं, बोलली काहून नाही?"

"काय म्हणाली?"

"म्हणे, 'आत्याबाई, ताट अलग झाल्यापासून मले कोनी हात लावला नव्हता. तुम्ही कुंकू लावत व्हत्या. मी कशी सांगू?'"