मागच्या डाव्या सीटवरील इसमाबाबत

ठाणे : एशोवे. वार : गुरुवार, सकाळी.
नाव : एल्फस बियेला. वय : ७१ वर्षे. धंदा : निवृत्त प्राथमिक शिक्षक. राहणार : मिशन शाळेच्या मागे, एशोवे डोंगर.

मी वरील नावाचा इसम आज आपण होऊन ठाण्यात आलो आहे. मला कोणी बोलावलेले नाही, कोणी पढवलेले नाही. सार्जंट थांडेका म्थियाने यांच्यासमोर बसून जे तोंडी सांगितले ते असे :

घरी मी व माझी पत्नी माशांदू असे दोघेच राहतो. मुलगा दुमिसानी हा अकरा वर्षांपूर्वी कामासाठी जोहान्सबर्गला गेला, त्यानंतर त्याची काही खबर नाही. त्याबाबत याच ठाण्यात पूर्वी जबाब दिलेला आहे. त्यात वाढवण्यासारखे काही नाही.

मी सिझाना शिक्षक पतपेढीचा जुना सभासद आहे. गेल्या शनिवारी पतपेढीने एम्पान्गेनी येथील एका गाडीविक्रेत्याच्या आवारात सभासदांसाठी खास विक्री ठेवली होती. व्याज कमी, कर्ज जागच्या जागी मंजूर, आणि हे सगळे त्या एकाच दिवसापुरते. माशांदूचे गुडघे गेले आहेत, टॅक्सी म्हणजे आमच्याकडे मिनीबस, तिची पायरी तिला चढवत नाही. मी स्वतः आयुष्यभर शाळेत पायी गेलो. पहाटे गवतावर दव असे, मुले मागून कविता म्हणत येत, आणि डोंगर उतरेपर्यंत सगळी कविता पाठ होऊन जाई. तो भाग येथे नको असे सार्जंटबाईंनी सांगितले. त्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी आहेत. कविता त्यांचीही पाठ होत असे.

आवारात तंबू, गाणी, भाजलेल्या मांसाचा धूर, सगळे होते. गाड्यांना रिबिनी बांधल्या होत्या. चर्चचे कपडे घातलेले म्हातारे शिक्षक गाड्यांची दारे उघडून बंद करून पाहत होते. आम्हाला लुंगेलो नावाचा तरुण विक्रेता भेटला. तो एका पांढऱ्या वापरलेल्या गाडीजवळ उभा होता.

तो म्हणाला, "बाबा, हीच बघा. आत्ताच फिरून आलीय. बॉनेटवर हात ठेवा, तरुण पोरीच्या गालासारखं गरम लागेल."

माशांदू म्हणाली, "तुझ्या आईला सांगू का, तू कुणाकुणाच्या गालाला हात लावत फिरतोस ते?"

"आई, तुमच्यासाठी गाडी घेतायत बाबा, आणि तुम्ही मलाच पोलिसात देताय!"

मी मागचे दार उघडले. डाव्या सीटचा पट्टा लावलेला होता. सीटवर कोणी नव्हते. लुंगेलोने घाईने पट्टा सोडला, सीटवरची थोडी पाने हाताने झटकली आणि काटा लागला म्हणून शिवी दिली. त्याने डिकी उघडून काहीतरी आत टाकले. काय ते मी विचारले नाही.

फाटकाबाहेर काळी शाल घेतलेली एक बाई उभी होती. तिने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबले होते आणि ती याच गाडीकडे पाहत होती. आवाराचा रखवालदार तिला मागे सारत होता. ती काही बोलत नव्हती. मला वाटले, तिलाही हीच गाडी हवी आहे. म्हणून मी सह्या लवकर केल्या.

परत निघताना गाडीतली घंटी वाजू लागली आणि समोरचा लाल दिवा लागला. हा दिवा मागे बसलेल्याने पट्टा लावला नसेल तर लागतो. मागे कोणी नव्हते. माशांदूची पिशवीही तिच्या मांडीवर होती. मी गाडी कडेला घेऊन मागचा डावा पट्टा लावला. घंटी थांबली.

पुढे उम्हलाथुझे नदीच्या पुलावर गाडी बंद पडली. मागे उसाचे ट्रक. एकाने डोके बाहेर काढून विचारले, "आजोबा, नवरी रुसली का?" ऊसतोडीच्या दोन माणसांनी गाडी ढकलून पलीकडे नेली. पूल संपताच ती सुरू झाली. उम्लालाझीच्या पुलावर पुन्हा तेच झाले. दोन्ही नद्या आम्ही ढकलत ओलांडल्या.

रविवारी शेजारीण मान्गुबाने हिला चर्चला सोडले. ती मागे बसली. उतरेपर्यंत ती उजव्या दाराला अगदी खेटून, पर्स पोटाशी धरून बसली होती. माशांदूने विचारले, "अगं, एवढी जागा आहे, ऐसपैस बस की." ती म्हणाली, "बसलेय की." नंतर चर्चमधून घरी ती पायी गेली.

सोमवारी गाडी मेकॅनिकला दाखवली. त्याने सांगितले, "बाबा, हिला काही झालेलं नाही. पुलावरच बंद पडते ना? मग पूल दुरुस्त करून घ्या." त्याने पैसे घेतले नाहीत.

मंगळवारी माशांदूने डिकी उघडली तेव्हा आत फांदी सापडली. बोरीच्या जातीचे काटेरी झाड आमच्याकडे होते, त्याची हातभर फांदी. जिचा एक काटा सरळ आणि एक मागे वळलेला असतो तीच.

वरिष्ठ साहेब परगावचे आहेत, त्यांना समजावे म्हणून खुलासा करतो. आमच्यात माणूस घराबाहेर मेला तर शरीर आणून पुरणे पुरेसे होत नाही. तो स्वतः मेल्या जागीच उभा राहतो. घरच्या माणसाने ही फांदी घेऊन तिथे जायचे, नावाने हाक मारायची, आणि "चल, घरी जाऊ" म्हणायचे. मग तो फांदीबरोबर येतो. गाडीत त्याला स्वतःची सीट द्यावी लागते. टॅक्सीत त्याचे वेगळे तिकीट काढतात, कोणी वाद घालत नाही. वाटेत प्रत्येक वळण, प्रत्येक नदी त्याला सांगावी लागते. न सांगता पाणी तो ओलांडत नाही. आणि ज्याच्या हातात फांदी असते त्याने घर येईपर्यंत दुसऱ्या कोणाशीही बोलायचे नसते. फक्त त्याच्याशी. घरी फांदी गोल झोपडीच्या आत, मागच्या बाजूला, पूर्वजांच्या जागी ठेवतात. मग तो त्या घरचा होतो.

फांदी पाहून माशांदू खाली बसली. म्हणाली, "एल्फस, आपण कुणाचं तरी माणूस घेऊन आलोय."

खात्री करण्यासाठी मी फांदी मागच्या डाव्या सीटवर ठेवली, पट्टा लावला आणि खालच्या ओढ्यापर्यंत गाडी नेली. नाव माहीत नव्हते. मी एवढेच म्हणालो, "बाळा, आता ओढा ओलांडतोय. पाणी थोडंच आहे. घाबरू नकोस." गाडी सरळ पलीकडे गेली. परत येतानाही तसेच झाले. शाळेत मी मुलांकडून नद्यांची नावे तालावर म्हणवून घेत असे, थुकेलापासून वर उत्तरेपर्यंत, प्रत्येक नावाला एक टाळी. ओढ्याच्या पुलावर मला ती टाळी ऐकू आली. ती माझ्या मनात होती की मागच्या सीटवर, हे शपथेवर सांगता येणार नाही.

विचारल्यावरून सांगतो की, फांदी शनिवारपासून मंगळवारपर्यंत बंद डिकीत होती तरी तिची पाने सुकली नव्हती. आजही सुकलेली नाहीत. माशांदू म्हणते ती पाणी शिंपडते. मी तिला शिंपडताना पाहिलेले नाही.

बुधवारी दुपारी माशांदू घरात दिसली नाही. ती गाडीत मागे, उजव्या सीटवर बसली होती. तिच्या हातात आंबट दुधाचा वाडगा होता. आमच्या घरात तो वाडगा एकच माणूस वापरत असे. ती फांदीकडे पाहून म्हणाली, "दुमी, घे बाळा." त्याबरोबर घंटी वाजली आणि लाल दिवा लागला. पट्टा लावलेला होता. ती गप्प झाली, घंटी थांबली. तिने पुन्हा "दुमी" म्हटले. पुन्हा वाजली.

ती मला म्हणाली, "बघितलंस? हाक मारली की ओ देतो."

मला वाटले, तो नाही म्हणतो आहे. हे मी तिला लगेच सांगितले नाही.

संध्याकाळी तिने गोल झोपडीची मागची बाजू सारवली. मी विचारले, "हे कशाला?"

"बाहेर गाडीत किती दिवस ठेवायचं त्याला?"

"माशांदू, हा आपला नाही."

"आपल्याला जागा ठाऊक असती तर आपण गेलो नसतो का आणायला? नाही ठाऊक. मग तो आपला आपण आलाय. पतपेढीनं आणून दिलाय म्हण."

"याला कुणीतरी फांदी घेऊन हाक मारलीय. याला आई आहे."

ती म्हणाली, "मीही आहे."

फांदी एकदा त्या जागी ठेवली की परत काढता येत नाही. परका माणूस कायमचा आमच्या घरी राहील आणि त्याची आई कायमची वाट पाहील. काळ्या शालीतली बाई मला तेव्हा आठवली, तिने तोंडावर दाबलेले दोन्ही हात आठवले, आणि ती का बोलत नव्हती ते कळले. म्हणून आज मक्याचे पीठ आणायला जातो असे सांगून मी निघालो. माशांदू माझ्या आधीच गाडीत जाऊन बसली होती, मागे. सध्या ती ठाण्याच्या अंगणात गाडीतच आहे.

विचारल्यावरून सांगतो की, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. काही चोरीस गेलेले नाही. माझ्या गाडीत एक मनुष्य राहून गेला आहे, तो ज्याचा त्याला पोहोचावा.

सार्जंटबाईंनी विचारले, "गुरुजी, सापडलेली वस्तू म्हणून लिहू की सापडलेली व्यक्ती?"

मी सांगितले, "व्यक्ती."

"जिवंत की मयत?"

"मयत. पण प्रवासात."

त्यांनी पेन खाली ठेवले, थोड्या वेळाने पुन्हा उचलले. नंतर माझ्यासमोर विक्रेत्याकडे फोन लावला आणि लुंगेलोला बोलावून घेतले. फोनचा आवाज मोठा केला होता. त्याचे म्हणणे मी ऐकले ते असे :

"हो मॅडम, होती ना एक काकू. शनिवारी सगळ्यांत आधी आली. म्हणाली, गाडी फिरवून दाखव, पण उसाच्या मळ्यातल्या त्या वळणापर्यंत ने. तिथं मागच्या महिन्यात ट्रक उलटला होता, तिथं. खाली उतरली, शालीतून फांदी काढली आणि मोठमोठ्यानं हाक मारायला लागली, जाबुलानी, जाबुलानी, चल. मी आपला आरशात बघून केस नीट करत होतो. परत बसली ती बोलेचना. फांदीला पट्टा लावला. पुढं चल, पुढं चल, असं हातानं सांगत होती. मी म्हटलं, काकू, कंपनीचं पेट्रोल आहे, एवढीच फेरी असते. आवारात आणून सोडलं. मॅनेजरनं सभासद कार्ड मागितलं तर नुसतं तोंडावर हात. लोक खोळंबले होते. तिला बाहेर काढलं, फांदी गाडीतच राहिली, आणि तेवढ्यात ते म्हातारे बाबा आले."

सार्जंटबाईंनी विचारले, "तुझ्या आजीनं तुला काही शिकवलं नाही का रे?"

तो म्हणाला, "मॅडम, ती रोज येते. फाटकासमोर बसते. आतासुद्धा बसलीय. पाणी दिलं तर घेते, पण बोलत नाही. कुणाशीच बोलत नाही. शनिवारपासून."

फोन बंद झाल्यावर सार्जंटबाईंनी मला पाणी दिले.

मी अंगणात जाऊन माशांदूला खिडकीतून सगळे सांगितले. त्याचे नाव जाबुलानी आहे हे सांगितले. त्याची आई अजून गप्प बसून आहे, कारण तिच्या हिशेबाने ती अजून वाटेतच आहे, हेही सांगितले. माशांदूने माझ्याकडे पाहिले नाही. तिने सीटवरची फांदी उचलून मांडीवर घेतली. काटे तिच्या साडेचार बोटांच्या हाताला लागले असतील, उजव्या हाताचे अर्धे बोट तिचे गिरणीत गेलेले आहे. मी विचारले, "लागतंय का?" तिने उत्तर दिले नाही. तेव्हा मला समजले की आता ती माझ्याशी बोलणार नाही.

ती हळू आवाजात म्हणाली, "जाबुलानी, आपण ठाण्याच्या अंगणात आहोत. आता खाली जायचंय. तुझ्या आईकडे."

घंटी वाजली नाही.

माशांदूचा वेगळा जबाब घ्यावा असे सार्जंटबाईंचे म्हणणे होते. ती आज कोणाच्या प्रश्नाला उत्तर देणार नाही, हे मी त्यांना सांगितले. वाडगा तिने माझ्या हातात दिला आहे. तो रिकामा आहे. दूध कोणी प्यायले ते मला सांगता येत नाही.

हा जबाब सार्जंट म्थियाने यांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो आहे. ज्याच्याबद्दल हे लिहिले त्यालाही तो ऐकवावा अशी विनंती मी केली, म्हणून त्यांनी अंगणात येऊन, टोपी काढून, गाडीच्या मागच्या डाव्या दाराशी उभे राहून सगळा पुन्हा एकदा वाचला. कोणतीही हरकत आली नाही. दिवा लागला नाही.

येथून एम्पान्गेनीपर्यंत दोन नद्या आहेत. त्यांची नावे मला पाठ आहेत. ती मी माशांदूला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली आहेत, म्हणजे तिला माझ्याशी बोलावे लागणार नाही.

सही : एल्फस बियेला