हळदीसाठी ट्रान्सफॉर्मर

माणिकप्पा : काका, नुसतं ‘चांगला दे’ म्हणून ट्रान्सफॉर्मर मिळतोय व्हय? बैल घेताना दात बघता का न्हाय?

महारुद्र : अरे, अँप्लिफायर तुझ्यापुढंच ठेवलाय, तूच दात बघ. नातीची, अर्पिताची हळद आलीया पंधरवड्यावर. हिच्या ओव्या हायत माइकवर.

सारजाबाई : माझ्या ओव्या न्हाईत. माणिकप्पा, तुमी ध्यान दिऊ नका. साडी घ्यायची म्हणून ह्यांनी मला माकणीवरनं उमरग्याला आणलं, आन् थेट तुमच्या वाइंडिंगच्या दुकानात आणून बसवलं.

महारुद्र : साडी कुठं पळून जातीया?

सारजाबाई : ह्यो डबा बी कुठं पळत न्हाय. हलवायला दोन माणसं लागतात त्याला.

माणिकप्पा : हौद्री, व्हय काकू, जड हाय खरं, पण डबा म्हणू नका. काचेच्या व्हॉल्व्हचा हाय, आता बघायला मिळत न्हाईत असले. काका, ह्यात आधी चोक हाय, ह्ये तारेचं वेटोळं, मग कपॅसिटर.

महारुद्र : व्हय, तसाच पायजे. चोक असला की आवाज थरथरत न्हाय.

माणिकप्पा : ते बरोबर. मग त्याच्या मागं ट्रान्सफॉर्मरचं हे बारकं जळकं पिल्लू कुणी बसवलं?

महारुद्र : कुणी म्हंजे... बसवलं असंल कुणीतरी.

माणिकप्पा : तीनशे व्होल्टचा हाय ह्यो. कपॅसिटर आधी असता तर तीनशेचे फुगून चारशे झाले असते. चोक फुगवत न्हाय, उलट आपला वाटा काढून घेतोय. तीनशेचे पावणेतीनशे बी धड राहत न्हाईत. आन् ह्या व्हॉल्व्हांना चारशे लागतात.

महारुद्र : म्याच बसवला. पुतण्याच्या, कृष्णराजच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मूळचा जळाला. घाईत ह्योच गावला. म्हटलं, हुतील चारशे.

सारजाबाई : कृष्णराजच्या लग्नात?

महारुद्र : त्याच सुमाराला.

सारजाबाई : सुमाराला न्हाय, त्याच लग्नात. मी वरच्या सुराला गेले की आवाज फाटायचा आन् बसायचा. पोरंसोरं हसली. मी म्हटलं मशीन बिघडलंय, तर जाऊबाई सिताबाई साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं.

माणिकप्पा : काकू, तुमचा आवाज न्हवता बसला. व्होल्ट बसले हुते. जोरात म्हटलं की व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतात, मग असला बारका ट्रान्सफॉर्मर मान टाकतोय.

सारजाबाई : दोन वरसं मी देवळात बी तोंड उघडलं न्हाय. गळा गेला म्हणून ज्येष्ठमध चघळत बसले. आन् ह्ये मला समजावायचे, वय झालं सारजा, चालायचंच.

महारुद्र : तवा मला तरी कुठं ठाव हुतं? परवा माळ्यावरनं काढून उघडला, तवा शंका आली. म्हणून तर तुला संगं आणलं. म्या घरीच सांगितलं असतं, तर खरं वाटलं असतं तुला?

सारजाबाई : न्हाय.

महारुद्र : मग?

सारजाबाई : मग काय मग. साडी आता दोन घेणार मी.

माणिकप्पा : साडीचं मागून बघा, आधी माझं ऐका. साडेचारशेचा घ्यावा लागंल. चोकनं त्याचा वाटा काढला तरी चारशे उरतात. पण त्यातबी दोन हायत, एक हलका, एक भारी. किती करंट ओढतोय त्यावर ठरंल. दुकानातला जुना ट्रान्सफॉर्मर तात्पुरता जोडतो आन् मीटर लावतो. कुणीतरी माइकवर खच्चून म्हणायला पायजे.

महारुद्र : म्या म्हणतो.

सारजाबाई : नगं. बाजारातली ढोरं दावं तोडतील.

माणिकप्पा : काकांच्या आवाजावर मापून उपेग न्हाय. हळदीला ज्यो गळा लागणार, त्याच्यावरच मापाय पायजे.

महारुद्र : सारजा, एकच ओवी. माझ्यासाठी नगं म्हणू, मीटरसाठी म्हण.

सारजाबाई : तुमच्यासाठी तर न्हाईच. आणा हिकडं त्यो माइक.

हळद दळीते मी, जात्याला देते फेरा,
नातीच्या गालावर उजेड पडू दे सारा...

(एका ओवीच्या चार ओव्या होतात. शेजारच्या पत्र्याच्या दुकानातली ठोकठोक थांबते.)

महारुद्र : दोन वरसं घर मुकं झालं हुतं बघ. माझ्यामुळं.

सारजाबाई : तुमी आता बोलूच नका. माणिकप्पा, काटा कुठवर गेला?

माणिकप्पा : काकू, ऐकत बसलो. बघायचाच राहिला.

सारजाबाई : राहू द्या. त्यो भारीच द्या. हळदीला मी काय आवाज दाबून म्हणायची न्हाय.